यूडी-१५: एका ओसबोर्न संगणकातली बदललेली रॉम चिप ओळखताना

दारव्हा तालुक्यातल्या एका गावाहून उन्हाळ्यात माझ्याकडे एक पेटी आली. शिवणयंत्राच्या पेटीएवढी, वरून मूठ, आणि उचलायला गेलं की हात खाली ओढणारी. आणणारा मुलगा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. "आबाजींचा कॉम्प्युटर आहे, मॅडम. दुकानदार म्हणतो दोन्ही रॉम गेल्या, नव्या टाकाव्या लागतील. टाकू का, तेवढं फक्त सांगा." तो शहरातल्या एका दुरुस्तीच्या दुकानात जाऊन आला होता. रॉम म्हणजे वीज गेली तरी आतला मजकूर जपणारी चिप. दुकानदाराने दोन्ही जुन्या चिपा काढून फेकायचा सल्ला दिला होता. मुलाचं नशीब म्हणायचं की पैशांची जुळवाजुळव होईपर्यंत त्याने तो मानला नाही.

यंत्र ओसबोर्न १. एप्रिल १९८१ मध्ये अमेरिकेत बाजारात आलेला हा संगणक १,७९५ डॉलरला विकला जाई. झेड-८० प्रोसेसर, ६४ किलोबाइट मेमरी, फ्लॉपीचे दोन ड्राइव्ह, मधोमध पाच इंची पडदा, वजन अकरा किलोच्या आसपास. आराखडा ली फेल्सनस्टाइन यांचा. ज्यांच्या नावाने तो निघाला त्या अ‍ॅडम ओसबोर्न यांचं बालपण तमिळनाडूत तिरुवण्णामलैला गेलं आणि २००३ मध्ये त्यांचा मृत्यू कोडाईकनालला झाला. हे सांगितल्यावर मुलगा पेटीकडे जरा वेगळ्या नजरेने पाहायला लागला. कंपनी सप्टेंबर १९८३ मध्ये दिवाळखोरीत गेली. आबाजी तेव्हा कॅलिफोर्नियात नोकरीला होते. पुढे गावी परतले आणि भावाच्या जिनिंगचा, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याचा, हिशेब पाहू लागले. पेटी त्यांच्यासोबत आली, शिवाय २३० व्होल्टचे ११० करणारा एक जड ट्रान्सफॉर्मरही.

दुकानदाराचं निदान मी लगेच खोटं ठरवलं नाही. बिघाड असला तर जास्तीचा प्रवाह अडावा म्हणून सिरीज बल्ब लावून यंत्र सुरू केलं, तर पडदा उजळला आणि अक्षरांच्या खिचडीने भरून गेला. काही इंग्रजी अक्षरं, काही अंक, आणि अधूनमधून वेडेवाकडे, तुटलेले आकार. चांगल्या ओसबोर्नवर इथे आवृत्तीचा क्रमांक आणि फ्लॉपी घालून रिटर्न दाबा अशी सूचना यायला हवी. ती आली नाही, म्हणजे मॉनिटर रॉम, जिच्यात सुरुवातीचा प्रोग्राम असतो, ती गेली. आकार तुटलेले, म्हणजे अक्षरांची रॉमही गेली. दुकानदाराने इतकाच विचार केला असावा. पहिला अर्धा भाग बरोबर होता.

पेटी उघडली तेव्हा एका ड्राइव्हच्या तोंडात कुंभारमाशीने मातीचं घर केलेलं होतं, आणि सगळ्या बोर्डावर कापसाच्या तंतूंची पांढरी साय. जिनमध्ये वावरलेल्या वस्तूवर ती असायचीच. मला महत्त्वाची वाटली ती वेगळीच गोष्ट. मुलाला विचारलं, पेटी ठेवली कुठे होती? माडीवर, म्हणाला. आणि झाकण? काही वर्षांपूर्वी कोणी मेकॅनिक पाहायला आला होता, त्याने खोलून ठेवलं ते तसंच राहिलं. माडीच्या छपरात उजेडासाठी काचेचं एक कौल आहे. दुपारचा कवडसा त्याच कोपऱ्यात पडतो.

या काळातल्या अनेक चिपांच्या पाठीवर क्वार्ट्‌झची छोटी खिडकी असते. तिच्यातून अतिनील प्रकाश सोडला की आतला मजकूर पुसतो आणि चिप पुन्हा लिहिता येते. म्हणूनच लिहून झाल्यावर खिडकीवर चिकटपट्टी लावायची असते. २७१६ चिपच्या माहितीपत्रकात इंटेलने स्पष्ट लिहिलं होतं की उघड्या खिडकीवर थेट ऊन पडत राहिलं तर साधारण आठवड्यात आणि खोलीतल्या ट्यूबलाइटच्या उजेडात साधारण तीन वर्षांत मजकूर पुसला जाऊ शकतो. साधी काच अतिनील किरणांपैकी बरेचसे अडवते, पण ४,००० अँगस्ट्रॉम तरंगलांबीच्या जवळचे, म्हणजे दिसणाऱ्या उजेडाच्या कडेचे, येऊ देते आणि तेही हळूहळू चिप पुसतात. यवतमाळ जिल्ह्यातलं ऊन, वर काचेचं कौल आणि हाताशी कितीतरी वर्षं.

बोर्डावर दोन चिपा बेसमध्ये बसवलेल्या होत्या. यूडी-११ या जागी मॉनिटर रॉम, ४ किलोबाइटची २७३२. यूडी-१५ या जागी अक्षरांची रॉम, २ किलोबाइटची २७१६. यूडी-११ ची खिडकी उघडी होती, पट्टीच्या गोंदाचा नुसता चौकोन उरला होता. यूडी-१५ वर मात्र काळी पट्टी अगदी नेटकी, कडा न उचललेली.

इथे मी चुकले. उघडी खिडकी आणि उपटलेली पट्टी पाहून मी वहीत लिहिलं, "११ मध्ये कोणीतरी हात घातला आहे. १५ मूळची, फार तर खराब." पुढचे दोन दिवस मी त्या वाक्यामागे धावत राहिले.

चिप वाचायला मोठी साधनं लागत नाहीत. मुलाकडे कॉलेजच्या प्रकल्पासाठी घेतलेला आर्डुइनो मेगा, म्हणजे प्रोग्राम करता येणारा एक छोटा बोर्ड, होता. पत्त्याच्या तारा, माहितीच्या आठ तारा, पाच व्होल्ट आणि ग्राउंड. एकेक पत्ता मांडायचा, आलेला बाइट, म्हणजे आठ ० किंवा १ चा गट, लिहून घ्यायचा. जपायचं एकाच ठिकाणी. दोन्ही चिपांना चोवीस पायच असले तरी २१ नंबरचा पाय २७३२ वर पत्त्याचा असतो, आणि २७१६ वर तो लिहिण्याच्या व्होल्टेजचा, म्हणून वाचताना त्याला कायम पाच व्होल्ट द्यावे लागतात. चिपवरचा नंबर न पाहता जोडणी केली तर चांगली चिपसुद्धा बिघडल्यासारखी वाचली जाते, आणि माणूस तिला दोष देऊन मोकळा होतो.

यूडी-११ वाचून संग्राहकांनी जपलेल्या मूळ प्रतीशी ताडून पाहिली. हजारावर बाइट वेगळे! मला वाटलं, सापडलं. खरं तर मीच चुकीची प्रत घेतली होती. ओसबोर्नचा मॉनिटर प्रोग्राम १.३, १.४, १.४३, १.४४ अशा आवृत्त्यांमध्ये निघाला आणि माझ्या हातातली प्रत दुसऱ्याच आवृत्तीची होती. चिपमधल्या मजकुरात आवृत्तीचा आकडा वाचता येत होता, तो मी आधी पाहायला हवा होता. १.४४ शी ताडल्यावर फरक ५७ बाइटांवर आला. पुन्हा वाचलं तर ६१, तिसऱ्यांदा ५४. लिहिलेला मजकूर दर वाचनाला बदलत नसतो. माझ्या वहीतल्या वाक्यावर मी तिथेच काट मारली.

बदल कुठल्या दिशेने झाला

या प्रकरणात सगळ्यात उपयोगी पडली ती एक साधी गोष्ट, आणि ती मला वर्गात शिकवताना इतकी ठळक कधीच दिसली नव्हती.

कोऱ्या चिपमध्ये प्रत्येक बिट, म्हणजे ० किंवा १ ची एकेक जागा, १ असतो. लिहिणं म्हणजे ठरावीक ठिकाणी इलेक्ट्रॉन कोंडून १ चा ० करणं. पुसणं म्हणजे ते कोंडलेले इलेक्ट्रॉन बाहेर काढणं, मग ते यंत्राने मुद्दाम काढलेले असोत की उन्हाने वर्षानुवर्षं हळूहळू. म्हणजे चिप आपोआप विरते तेव्हा बदल एकाच दिशेने होतो, ० चा १. उलटा कधीच नाही. कोणी जुन्या मजकुरावर न पुसता काही लिहिलं, तर बदल फक्त १ चा ० असा दिसतो. आणि बदल दोन्ही दिशांनी असतील, तर कोणीतरी मुद्दाम पूर्ण पुसून नव्याने लिहिलं आहे किंवा चिपच दुसरी आहे.

हा नियम लावून मुलाने एक छोटा प्रोग्राम लिहिला. मूळ प्रत आणि आपलं वाचन शेजारी ठेवायचं आणि वेगळ्या दिसणाऱ्या प्रत्येक बिटपुढे दिशा मांडायची. यूडी-११ मधले सगळेच्या सगळे बदल ० चे १ झालेले. एकही उलटा नाही. या चिपला कोणी हात लावलेला नव्हता, तिला ऊन लागलं होतं.

खात्रीसाठी पुरवठा कमी करून पाहिला. अर्धवट विरलेला बिट पाच व्होल्टवर १ वाचला जातो, पण व्होल्टेज खाली आणलं की तो पुष्कळदा पुन्हा ० दिसतो, कारण उरलेला थोडा चार्जही तेव्हा पुरेसा ठरतो. एक डायोड मध्ये टाकून चिपला सुमारे ४.३ व्होल्ट दिले. वाचन स्थिर झालं, दोनदा एकसारखं आलं, आणि फरक चार बाइटांवर उतरला. ते चार बाइट पूर्णच विरले होते.

मग नेटक्या पट्टीच्या, संशय न आलेल्या यूडी-१५ कडे वळलो. तिच्यात २८९ बाइट वेगळे निघाले आणि बदल दोन्ही दिशांनी. तीनदा वाचलं, जवळपास तंतोतंत तेच. आता तिच्या अंगावरचा तारखेचा आकडाही नीट पाहिला: ८४२७, म्हणजे १९८४ चा सत्ताविसावा आठवडा. बोर्डावरच्या बाकी चिपांचे आकडे ८१ आणि ८२ ने सुरू होणारे, सगळ्यात उशिराचा ८२१९. ही चिप तयार झाली तेव्हा हा संगणक बनवणारी कंपनी बुडून नऊ महिने झाले होते. हा आकडा पहिल्या दिवशीही माझ्या डोळ्यांसमोर होता. मी पट्टी पाहिली, आकडा पाहिला नाही.

बत्तीस खण

अक्षरांच्या रॉममध्ये काय असतं ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. पडद्यावर दिसणारं प्रत्येक अक्षर आठ ठिपके रुंद आणि दहा ओळी उंच अशा चौकटीत काढलेलं असतं. एका ओळीला एक बाइट, पेटलेल्या ठिपक्याला १. एकूण १२८ चौकटी. त्यातल्या पहिल्या बत्तीस ओसबोर्नने चित्रांच्या तुकड्यांसाठी ठेवल्या होत्या: रेघा, ठोकळे, कोपरे. एस्केप हा न दिसणारा संकेत आणि छोटा जी पाठवला की त्यापुढच्या अक्षरांच्या जागी हे तुकडे उमटायचे, मोठा जी पाठवला की पुन्हा इंग्रजी.

वेगळे बाइट कागदावर ओळीने मांडले तर काहीच आकार येईना. एक संध्याकाळ त्यात गेली. मग बोर्डावरच्या तारा तपासल्या तेव्हा लक्षात आलं की या चिपमध्ये एका अक्षराच्या दहा ओळी सलग नसतात. आधी सगळ्या १२८ अक्षरांची पहिली ओळ, मग सगळ्यांची दुसरी, अशी मांडणी. पत्त्याच्या खालच्या सात तारा अक्षराच्या, वरच्या चार ओळीच्या. त्याप्रमाणे उचलून चौकटीच्या वहीत पेन्सिलीने ठिपके भरायला घेतले. मुलगा आकडे वाचत होता, मी भरत होते. पहिला खण झाला, वर कडेपासून कडेपर्यंत एक आडवी रेघ. दुसऱ्यालाही तशीच. चौथ्या खणाला मुलगा वाचायचा थांबला.

"मॅडम, हा ग आहे."

ग होता. मग च, ज, ट. रात्री लाइट जाईपर्यंत आम्ही पंचवीस व्यंजनं भरली आणि एक अ. शिरोरेघ चौकटीच्या अगदी वरच्या ओळीत, दोन्ही कडांना टेकलेली, म्हणजे शेजारची अक्षरं आपोआप जोडली जातील. ओसबोर्नच्या चित्रांचे तुकडे एकमेकांना जोडले जात असत, त्याच सोयीचा हा वापर. दुकानदाराला तुटलेले वाटलेले आकार हेच. मॉनिटर रॉम चालत नसल्यामुळे पडद्याच्या मेमरीत जे काही वाटेल ते पडलं होतं आणि त्यात हे खणही अधूनमधून दिसत होते.

उरलेल्या सहा खणांनी मात्र डोकं खाल्लं. एकात नुसता उभा दंड, तो काना. बाकी पाच जवळजवळ रिकामे. चारांमध्ये तळाच्या दोन-तीन ओळींत काही ठिपके, एकात फक्त वरच्या ओळींत. मी म्हटलं, हा भाग विरला असेल. पण विरलं असतं तर ठिपके वाढले असते, कमी झाले नसते. या चिपमध्ये १ म्हणजे पेटलेला ठिपका, आणि विरणं म्हणजे १ वाढणं. म्हणजे हे खण मुद्दामच तेवढेच काढलेले.

उत्तर दुसऱ्या दिवशी मुलाला सुचलं. चौकटीच्या वहीत त्याने प च्या वरच्या घरात तळाचे ठिपके काढले आणि वही माझ्यापुढे सरकवली. पे. वेलांटीच्या दोन कमानी, मात्रा आणि अनुस्वार ही चिन्हं वरच्या ओळीच्या घरात ठेवायची, म्हणजे ती खालच्या अक्षराच्या शिरोरेघेला येऊन टेकतात. उकार खालच्या ओळीच्या घरात, म्हणून त्याचे ठिपके वर. मराठीच्या एका ओळीला पडद्याच्या तीन ओळी लागणार, चोवीस ओळींच्या पडद्यावर मराठीच्या आठ. एका घरात एकच आकार दाखवू शकणाऱ्या यंत्रावर बाराखडी बसवायला याहून चांगला मार्ग मला आजही सुचत नाही.

दोन खण सारखेच निघाले. दोन्ही म. बत्तीसच जागा असलेला माणूस दोन म कशाला ठेवेल? आणि आमच्या यादीत भ नव्हता. इतक्या छोट्या चौकटीत म आणि भ मधला फरक शिरोरेघेतल्या एका खंडाचा, म्हणजे फक्त एका ठिपक्याचा. ती जागा ० असायला हवी होती आणि १ झाली होती. ४.३ व्होल्टवर वाचलं तर ठिपका विझला, खंड दिसला, भ परत आला. बाकी चिपमध्ये, जिथे मूळ इंग्रजी अक्षरं आहेत, तिथे फक्त दोन बाइटांत एकेक बिट विरलेला होता, तोही ० चा १. आबाजींनी केलेला बदल आणि काळाने केलेला बदल एकाच चिपमध्ये होते, पण दोन्ही वेगळे काढता आले.

त्यांनी काय ठेवलं, काय सोडलं

या भागात मी सगळ्यात जास्त वेळ रमले, त्याबद्दल वाचकाने सांभाळून घ्यावं. बत्तीस जागांत मराठी बसवायची म्हणजे काहीतरी सोडायलाच हवं. घ, छ, झ, ढ, थ, फ, ष हे सोडले. स्वरांपैकी फक्त अ. इ, उ, ए नाहीतच. कारण अ ला वेलांटी, उकार, मात्रा लावून अी, अु, अे असं लिहिता येतं. ही कल्पना नवी नव्हती. सावरकरांच्या लिपिशुद्धीत हीच अ ची बाराखडी होती, काका कालेलकरांनीही तिचा पुरस्कार केला, आणि माझ्या वडिलांकडे त्या पद्धतीने छापलेलं गांधीजींचं एक हिंदी पुस्तक होतं. मुलाने ती कधी पाहिलेली नव्हती. आबाजींच्या पिढीला ती माहीत असणार.

दीर्घ उकार नाही, जोडाक्षर नाही. मग लिहिता काय येईल? आम्ही बसून शब्द जुळवले. कापुस. सरकी. रुअी. गाठी. वजन. दर. नाव, गाव, तारीख. अेकुण रुपये. क्विंटल लिहिता येत नाही, पण किंटल येतं, आणि काट्यावर लोक म्हणतातही तसंच. यवतमाळ लिहिता येतं, दारव्हा नाही, कारण तिथे जोडाक्षर आहे. काटापावतीला लागणारं जवळजवळ सगळं बसतं. ही निवड जिनच्या काट्याजवळ बसणाऱ्या माणसाने केलेली आहे, असं मी ठामपणे म्हणते. आमच्याकडे बोलताना ळ चा य होतो, तरी त्यांनी एक अख्खा खण ळ ला दिला, याचं मला विशेष वाटलं.

हे सगळं कधी झालं? भारतीय लिप्या संगणकावर आणणाऱ्या सीडॅक या सरकारी संस्थेची स्थापना १९८८ ची, भारतीय लिप्यांसाठीचं आयएस १३१९४ हे मानक १९९१ चं. चिपवरच्या तारखेनुसार आबाजींचं काम १९८४ च्या जुलैनंतरचं. याहून नेमकी तारीख चिप सांगत नाही. मी गावाला जाऊन आजींना भेटले. चिप वगैरे त्यांना ठाऊक नाही, पण एक आठवण लख्ख होती. "रात्री लाइन आली का मंग बसत. डब्यात निया दिवा लावत अन् मले म्हनत, तिकडे पाहू नोको, डोये जातीन." डब्यातला निळा दिवा म्हणजे चिप पुसायचा अतिनील दिवा. म्हणजे काम अमेरिकेत नाही, याच माडीवर झालं.

काय केलं

यूडी-११ साठी दुसऱ्या २७३२ वर १.४४ चा स्वच्छ मजकूर लिहिला आणि बेसमध्ये बसवला. यंत्र पहिल्याच वेळी सूचना दाखवत उभं राहिलं. ड्राइव्ह अजून बंद आहेत आणि आबाजींच्या फ्लॉप्यांवर बुरशी चढली आहे, त्यामुळे पावत्या छापणारा त्यांचा प्रोग्राम कसा होता ते पाहता आलेलं नाही.

यूडी-१५ च्या मूळ चिपवर तोच मजकूर पुन्हा लिहून तिचा चार्ज भरून घेता आला असता. तसं करतात. मी नाही केलं. २७१६ लिहायला २५ व्होल्ट लागतात, आणि चाळीस वर्षांच्या एकुलत्या एका चिपवर ते सोडायची माझी तयारी नव्हती. भ दुरुस्त केलेली प्रत नव्या चिपवर लिहून ती यंत्रात घातली. मूळ चिप खिडकीवर ताजी पट्टी आणि वर अ‍ॅल्युमिनियमची चांदी लावून काळ्या फोममध्ये ठेवली. तिचं न बदललेलं वाचन, पाच व्होल्टचं आणि ४.३ चं, मुलाने तीन ठिकाणी जपून ठेवलं आहे.

मग एक चाचणीची चिप केली. मॉनिटरची इंग्रजी सूचना काढून तिच्या जागी एस्केप, छोटा जी आणि आम्ही मोजून बसवलेली अक्षरं. गावी जाऊन माडीवरच लावली. पडदा पाच इंचांचा, आजींना मोतीबिंदू, म्हणून त्या अगदी जवळ बसल्या. कापुस हा शब्द त्यांनी बोटाने एकेका घरावरून वाचला, प खालच्या उकारापाशी थांबल्या, आणि "हे त्याईचं अक्षर होय" म्हणाल्या. ठिपक्यांचं अक्षर, तरी त्यांना ओळखू आलं.

निघण्याआधी चाचणीची चिप काढून तिच्यावर पट्टी लावली आणि लिहिलं: "मूळ नाही. १.४४, सूचना बदललेली." खाली तारीख आणि आम्हा दोघांची आद्याक्षरं. झाकण लावलं. मुलाने पेटी काचेच्या कौलाखालून उचलून आतल्या भिंतीशी नेऊन ठेवली.